विषारी वायूचा सेन्सर काय दिसल्यावर चमकतो, त्यापेक्षा काय दिसल्यावर चमकत नाही ते बघा

विषारी वायू म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं वास येईलच की. पण हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेला की नाकच बधिर होतं, सडक्या अंड्यांचा वास गायब, आणि माणसाला वाटतं वायू गेला. फॉस्जीन तर त्याहून वाईट, वास ताज्या कापलेल्या गवतासारखा, कामाच्या जागी मर्यादा ०.१ पीपीएम आणि वास कळतो त्याच्या बराच वर गेल्यावर. त्रास पण लगेच नाही, काही तासांनी फुफ्फुसात पाणी भरायला लागतं. पहिल्या महायुद्धात १९१५ पासून हाही वापरला आणि आजही पॉलीयुरेथेन, पॉलीकार्बोनेट बनवायला लागतोच.

म्हणून मला फ्लुरोसंट सेन्सर, म्हणजे वायू आला की यूव्ही प्रकाशात ज्यांची चमक बदलते अशा पट्ट्या, मनापासून आवडतात. फॉस्जीनसाठीची एक रचना तर फारच देखणी आहे. चमकणाऱ्या डायच्या (रंगद्रव्याच्या) रेणूला शेजारी शेजारी दोन अमाईन (नायट्रोजन असलेले गट) जोडलेले असतात. यूव्ही टॉर्च मारला की डाय उत्तेजित होतो, पण अमाईनमधला इलेक्ट्रॉन लगेच तिथल्या रिकाम्या जागेत उडी मारतो आणि प्रकाश बाहेर पडायच्या आत ऊर्जा संपून जाते, म्हणून पट्टी काळपटच दिसते. फॉस्जीन आला की त्याचे दोन्ही क्लोरीन सुटतात, मधला कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनची जोडी) दोन्ही अमाईनना बांधून पाच अणूंचं कडं करतो, इलेक्ट्रॉन त्यात अडकतात, उडी बंद, आणि पट्टी चक्क उजळते! ज्या रसायनात सुटणारा क्लोरीन एकच आहे त्याला हे कडं करताच येत नाही, निवड अशी रचनेतच बसवलेली.

पण इथेच खरी मेख आहे. असेच शेजारी अमाईन नायट्रिक ऑक्साइड पकडायलाही वापरतात, म्हणजे हवेत तो असेल तरी पट्टी उजळू शकते. म्हणून पुढे काहींनी अमाईनची जोडी बदलून पाहिली. नर्व्ह एजंटच्या (मज्जासंस्थेवर घाला घालणाऱ्या रासायनिक अस्त्रांच्या) सेन्सरचंही तेच, चाचणी बहुतेक वेळा डायइथाइल क्लोरोफॉस्फेट या नकली पदार्थावर होते, ओलाव्याने त्यातून हायड्रोक्लोरिक अॅसिड निघतं, आणि कितीतरी डाय त्या अॅसिडनेच रंग बदलतात. त्यामुळे अशा सेन्सरवरचा शोधनिबंध हातात आला की मी चमकणारे फोटो नंतर बघते, आधी नुसत्या अॅसिडची चाचणी केलीय का, दमट हवेत लावून बघितलंय का ते शोधते, आणि ते नसेल तर 'सिलेक्टिव्ह' (फक्त त्याच वायूला ओळखणारा) या शब्दावर विश्वास ठेवत नाही.