रायझन २६०० गेला, ५६०० आला : सोलापूरच्या उन्हाळ्यात घेतलेला निर्णय

गेमिंगच्या पीसीसाठी शेवटी एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर घेतला. एएम५ (एएमडीचा नवा सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची जागा) नाही, एक्सथ्रीडी (एएमडीचे गेमसाठीचे खास चिप) नाही, इंटेलही नाही. ओळखीतल्या निम्म्या गेमरांनी "एएम४ मेलेला सॉकेट आहे, त्यात आता पैसे घालू नको" असं बजावलं होतं; एएम४ म्हणजे माझ्या बोर्डावरचा जुना सॉकेट. त्यामुळे हिशोब मांडतोच.

आधी माझं जुनं सामान. बी४५० मदरबोर्ड, रायझन ५ २६००, १६ जीबी डीडीआर४ रॅम, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, १०८०पी १४४ हर्ट्झचा मॉनिटर. तक्रार अशी की काउंटर-स्ट्राइक २ मध्ये एरवी बरं चालायचं, पण साइटवर (बॉम्ब लावायच्या जागी) दोन स्मोक (धुराचे गोळे) पडले, चार जण एकदम आत घुसले की एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) ८०-९० वर. आफ्टरबर्नर (कार्डाचा वापर दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून पाहिलं तर त्या क्षणी कार्डचा वापर ६० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कार्ड रिकामं बसलंय आणि प्रोसेसर धापा टाकतोय. खात्रीसाठी रिझोल्यूशन ७२०पी केलं, आकडा जागचा हलला नाही. रिझोल्यूशन उतरवूनही एफपीएस वाढत नसेल तर खोट कार्डात नाही, हे समजून जा. उलट सायबरपंक गेममध्ये कार्ड ९८ टक्के, तिथं प्रोसेसर बदलून काडीचा फरक पडणार नव्हता. प्रोसेसरवर खर्च करण्याआधी ही चाचणी प्रत्येकानं करावी, फुकट आहे.

२६०० मागे का पडतो? कोर सहाच आहेत, ५६०० मध्येही सहाच. पण २०१८ च्या त्या चिपमध्ये तीन-तीन कोरांचे दोन गट आणि प्रत्येकाजवळ ८ एमबी एल३ कॅश (चिपमधलीच वेगवान मेमरी). एका गटाला दुसऱ्याकडची माहिती हवी असली की लांबचा वळसा. ५६०० च्या झेन ३ रचनेत सगळे कोर एका छपराखाली आले आणि ३२ एमबी कॅश सगळ्यांची सामाईक झाली. गेमला हेच मानवतं. एक्सथ्रीडीवाल्यांमध्ये हीच कॅश ९६ एमबी होते, म्हणून ते चिप गेममध्ये इतके पळतात.

मग ५७००एक्सथ्रीडी का नाही? याच बोर्डावर बसला असता, मोह खूप झाला. पण इथं नवा कुणाकडं मिळेना, जे मिळत होते ते वॉरंटीशिवाय. आणि माझ्या कार्डापुढं त्याची निम्मी ताकद वायाच गेली असती. एएम५ वर रायझन ५ ७६०० हा सरळ चांगला पर्याय, पुढची वाटही मोकळी. पण त्याला बोर्ड नवा, रॅम नवी. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव डेटा सेंटरवाल्यांनी कुठं नेऊन ठेवलेत ते तुम्ही बघताच आहात. माझी डीडीआर४ खिशातली आहे. इंटेलचा आय५-१२४००एफ चांगला, पण तिथंही बोर्ड बदला. विषय संपला.

आता खरा मुद्दा, जो व्हिडिओत कुणी सांगत नाही : खोलीचं तापमान. रिव्ह्यूवाले एसीत बसून चाचणी करतात. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त खोलीच्या वर किती चढायचं ते ठरवतो. २३ अंशांच्या खोलीत ७० दाखवणारा प्रोसेसर ४० अंशांच्या खोलीत साधारण ८७ ला जाणार. आमचं घर पूर्व भागात, पत्र्याखालची वरची खोली, खाली माग. मे महिन्यात दुपारी ४० म्हणजे काहीच नाही. ५६०० ची मर्यादा ९० अंश. म्हणजे डब्यात येणाऱ्या रेथ स्टेल्थ कूलरवर एप्रिलपासूनच काठावर. रायझन ७००० मालिका ९५ अंशांपर्यंत चालावी अशीच बनवलीय, ते ठीक, पण तेवढी उष्णता शेवटी माझ्याच खोलीत. इंटेलच्या १४७००के चा कमाल टर्बो २५३ वॅट आहे. आमच्याकडं जूनच्या पहिल्या पावसापर्यंत तो फक्त हीटर.

५६०० जास्तीत जास्त ७६ वॅट ओढतो. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) ४५ वॅटचा इको मोड लावला की ही ओढायची मर्यादा ६१ वॅटवर येते आणि गेममध्ये फरक जाणवत नाही. शिवाय १२० मिमी पंख्याचा साधा टॉवर कूलर घेतला. लिक्विड कूलिंगची हौस इथं नकोच, रेडिएटरमधूनही तीच गरम हवा जाणार. वाळ्याच्या ताट्यांचा डेझर्ट कूलर सोलापूरच्या कोरड्या हवेत झकास चालतो, फक्त त्याचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका, ओलावा आत जातो.

खरेदीचा किस्सा. नवी पेठेतल्या एका दुकानात ५६०० मागितला तर समोर ५५०० ठेवला. "घ्या की ओ, दोन्ही एकच आहे, थोडा स्पीडचा फरक." एकच कसला! ५५०० मध्ये कॅश निम्मी, १६ एमबी. साधा ५७०० तसाच, आठ कोर पण १६ एमबी. नावात मोठा आकडा आणि गेममध्ये ५६०० च्या मागे. डब्यावरचा पूर्ण क्रमांक वाचल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत. मी तिथून निघालो, दुसरीकडं सीलबंद मिळाला.

बसवणं सोपं. बायोस आधी, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट केलं, नाहीतर नवीन चिप बसवून काळा स्क्रीन बघत बसायचं. पाच मिनिटांचं काम, पण मध्येच वीज गेली तर बोर्ड गेला, म्हणून यूपीएसवर. कूलर काढण्याआधी अर्धा तास गेम चालवला, कूलरखालची पेस्ट मऊ झाली. मग कूलर डावीउजवीकडं हळू फिरवून उचलला. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, सरळ ओढला तर तो लॉकमधून उपटून कूलरबरोबर वर येतो. जुन्या कूलरच्या पट्ट्यांत सुताच्या लवेची अक्षरशः गादी झाली होती. मागाशेजारी राहणाऱ्यांनी महिन्याला ब्रश मारायलाच हवा, माझ्या २६०० चं अर्धं दुखणं तेच असावं.

निकाल : त्याच स्मोकमध्ये आता १३० च्या आसपास, एरवी १४४ च्या वर. सायबरपंक होतं तसंच. बी४५० वर पीसीआयई ३.० (कार्ड-बोर्ड जोडणीची जुनी, हळू आवृत्ती) आहे आणि आरएक्स ६६०० ला आठच लेन, त्यामुळं थोडं गळत असेल, मला जाणवलं नाही. दुपारी तीनला खोली ३९, प्रोसेसर गेममध्ये ७४.

कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करायची बायोसमधली सोय) उणे २० वर ठेवलाय. गेममध्ये ठीक, पण मशीन नुसतं बसलं असताना एकदा आपोआप रीस्टार्ट झालं, तेव्हा एकेक कोर वेगळा तपासतोय. जुना २६०० मावसभावाला देणार आहे. त्यात ग्राफिक्स नाही, त्यामुळं त्याच्यासाठी एखादं जीटी १०३० कार्ड शोधतोय. कुणी काढणार असेल तर सांगा, हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला येऊन घेऊन जाईन.