तुम्ही विचारलंत म्हणून : वर्दी का घालत नाही?

26 जानेवारी जवळ आली की सुरू होतं. "वीस वर्षं फौजेत काढलीत, एक दिवस वर्दी घालायला काय होतं?" मी हसून विषय बदलतो. त्यावरून एकाने तर्क काढला, 'ह्याला काढून टाकलेलं दिसतंय.' काढलेलं नाही. हवालदार म्हणून रीतसर पेन्शन आलो, म्हणजे निवृत्त झालो. वर्दीही आहे, काळ्या ट्रंकेत, घडी घालून.

आधी कायद्याचं उरकतो. भारतीय न्याय संहितेचं 168 वं कलम बघा. जो सैनिक नाही, त्याने लोकांना सैनिक वाटावं या हेतूने तसा पोशाख घातला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'हेतू' हा शब्द तिथे आहे. जुन्या दंड संहितेतही होता, आणि त्यावर मी बरीच वर्षं निर्धास्त होतो. मी तर खराच फौजी, मी कोणाला फसवणार?

मेडलचं वेगळं. ती माझी आहेत, मरेपर्यंत. ब्लेझरवर डाव्या बाजूला लावतो. (गेलेल्याची मेडलं घरच्यांनी लावायची तर उजव्या बाजूला. हे माहीत नसल्यामुळे लोक भलतीकडे लावून येतात.) पण लोकांना ब्लेझर नको असतो. त्यांना कॉम्बॅट, म्हणजे लढाईचा ठिपक्याठिपक्यांचा गणवेश हवा असतो, फोटोसाठी.

आता तो दिवस. तालुक्यातला एक फौजी मुलगा ड्यूटीवर असताना वारला. पार्थिव येणार म्हणून कळलं आणि मी ट्रंक उघडली. बायको म्हणाली, "पांढरा शर्ट घाला." मी ऐकलं नाही. कॉम्बॅट चढवला, बेरेट नीट बसवली, बूट चमकवले. पोट थोडं आत ओढावं लागलं, तेही कबूल करतो. तिथे पोचलो तर युनिटची माणसं शवपेटीजवळ उभी होती. मी सरळ त्यांच्या ओळीच्या टोकाला जाऊन सावधान झालो. कोणी बोलावलं नव्हतं.

त्यांच्यातल्या हवालदाराने एकदाच माझ्याकडे पाहिलं. कॉम्बॅटचा नवा पॅटर्न 15 जानेवारी 2022 च्या सैन्य दिनाला दाखवला, तो त्यांच्या अंगावर होता. माझ्या अंगावर जुना. "उस्ताद, पेन्शन कब आए?" अगदी हळू विचारलं. मी सांगितलं. "फिर आप उधर, फॅमिली के साथ." आवाजात जरासुद्धा अपमान नव्हता. असता तर मी भांडलो असतो.

मी ओळीतून निघून लोकांकडे चालत आलो. सगळे बघत होते. एवढ्यावर संपलं असतं तरी मी पुढच्या वर्षी पुन्हा वर्दी घातली असती, स्वतःला ओळखतो मी. पण त्या मुलाचा बाप उठून माझ्याकडे आला. बाकीच्यांशी हिंदीत बोलावं लागत होतं, मी मराठी दिसलो असणार. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "साहेब, शेवटचं काही बोलला का तो? तुम्ही होतात ना तिथे?"

मला 'नाही' म्हणता आलं नाही. 'हो' तर नाहीच. मी म्हणालो, "दादा, मी... पेन्शनर आहे." त्याला ते समजलंच नाही. तो कपड्याकडे बघत होता. नंतर 'शोक शस्त्र'चा, म्हणजे शस्त्रं उलटी धरून मानवंदनेचा हुकूम झाला, बिगुल वाजला, आणि माझा हात सलामीला उठायचा तो उठला नाही.

हेतू नव्हता माझा. पण त्या माणसाचा विश्वास बसला होता, आणि तो मी अंगावर घालून नेला होता.

तेव्हाचा मी अजून वाद घालतो. म्हणतो, करिअप्पा आणि माणेकशॉ फील्ड मार्शल होते, फील्ड मार्शल कधी निवृत्त होतच नाही. मग वर्दी फक्त मोठ्या साहेबांचीच का टिकते? त्याला उत्तर देता येत नाही मला. एवढंच सांगतो की वर्दीतल्या माणसाला हुकूम देणारा कोणीतरी असावा लागतो. मला आता कोणी 'विश्राम'ही म्हणत नाही.

आणि गंमत म्हणजे वर्दी मी रोजच घालतो. सिक्युरिटी सुपरवायझरची, निळी. 2005 च्या खासगी सुरक्षा कायद्यात फौजेसारखा दिसणारा गणवेश गार्डला घालता येत नाही, एक वर्षापर्यंत कैद आहे. त्यामुळे आमची निळी, खांद्यावर पिवळी दोरी. ती घालताना मला कोणी शंका विचारत नाही. मलाही काही वाटत नाही. म्हणजे वाटतं. जाऊ दे.

परवा शाळेतून फोन आला. "सर, वर्दीत या, मुलांना प्रेरणा मिळेल." मी म्हणालो ब्लेझर आणि मेडल घालून येतो. पलीकडे थोडी शांतता. "मग फोटोत तसं... बघा ना जमलं तर." मी बघतो म्हणालो. ट्रंकेची किल्ली काढून ठेवली आहे. बायकोने ती पाहिली, पण अजून काही बोललेली नाही.