आमदारांचं पत्र मिळवायला काय काय करावं लागलं: आमच्या वाडीच्या साकवाचा अनुभव

आजूबाजूच्या वाड्यांतले बरेच जण विचारतात, ताई तुमच्या साकवाचं काम झालं तरी कसं, आमचे आमदार तर फोनच उचलत नाहीत. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितेय. (साकव म्हणजे ओढ्यावरचा लहान पायपूल.) आमदारांचं नाव, पक्ष, तालुका काही लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकाने हेच सगळीकडे चालतं आणि नाव आलं की लोक पक्षावरून भांडत बसतात, मूळ काम राहतं बाजूला.

आमची वाडी कोकणात, गावापासून लांब, आणि मधे एक पऱ्या, म्हणजे ओढा. उन्हाळ्यात त्यात पाय ओला होत नाही, पावसाळ्यात तोच पऱ्या माणसाला ओढून नेतो. आधी लोखंडी साकव होता. जुलै २०२१ च्या ज्या पावसात चिपळूण, महाड बुडालं त्याच पावसात तो गेला. मग वाडीतले पोरगे दरवर्षी पोफळीची खोडं टाकून, बांबू बांधून साकव करायचे आणि एखाद्या मोठ्या पुरात तो परत जायचा. शाळेची पोरं त्यावरून जाणार, डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका त्यावरूनच जाणार. माझ्या आईला डायबिटीस आहे, साकव गेला की गोळ्या आणायला डोंगराच्या बाजूने वळसा घालून रस्त्याला यायचं. आणि आमच्या शेजारच्या एक काकी, त्यांना लेप्टोचा ताप आला तेव्हा भर पावसात खुर्चीला बांबू बांधून चार जणांनी त्यांना पलीकडे नेलं. वाचल्या त्या, पण त्या दिवसापासून मी ठरवलं की आता हा विषय सोडायचा नाही.

आता कोणाकडे जायचं? ग्रामपंचायत म्हणाली एवढा निधी आमच्याकडे नाही, आणि ते खरं होतं. जिल्हा परिषद सदस्याकडे जावं तर मार्च २०२२ ला मुदत संपलेली, तेव्हा जिल्हा परिषदेवर प्रशासक होता, पंचायत समितीतही तेच, म्हणजे सरपंचाच्या वर थेट आमदारच. मधला कोणी लोकप्रतिनिधी शिल्लकच नव्हता, हे लक्षात घ्या, त्यामुळे गटारापासून पुलापर्यंत सगळी निवेदनं एकाच माणसाच्या टेबलावर जाऊन पडत होती.

आम्हीही तेच केलं. मुंबईतल्या आमच्या वाडीकरांच्या मंडळाच्या लेटरहेडवर निवेदन दिलं, एका सत्काराच्या कार्यक्रमात दिलं, फोटो पण काढला. साहेबांनी कागद हातात घेतला, मान डोलावली, मागे उभ्या असलेल्या माणसाकडे दिला आणि विषय संपला. नंतर पीएंना फोन केला की साहेब मिटिंगमध्ये आहेत, साहेब दौऱ्यावर आहेत, ताई मी तुम्हाला कळवतो. व्हॉट्सअपवर मेसेज वाचल्याचं दिसायचं, उत्तर नाही. रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं, पोच आली, उत्तर नाही. असं दीड-एक वर्ष गेलं.

मग मी वेगळा विचार केला, की हे आमदार बाकीच्यांना कामाच्या शिफारशीची पत्रं देतातच ना, मग ती कोणाला देतात आणि त्या पत्रात असतं काय? आमदाराच्या कार्यालयात माहिती अधिकारी नसतो, त्यामुळे तिथे माहिती अधिकाराचा अर्ज करून उपयोग नाही, पण त्यांची पत्रं ज्या सरकारी कार्यालयात जातात तिथे माहिती अधिकारी असतोच. आमदारांना वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, त्याची यादी जिल्हा नियोजन अधिकाऱ्याकडे असते, आणि साकवासारखी कामं जिल्हा नियोजन समितीच्या पैशातून होतात, त्याच्या शिफारशीही तिथेच. अर्ज साधा, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांत बसवायचं. मी लिहिलं की गेल्या दोन आर्थिक वर्षांत आमच्या मतदारसंघातून आलेल्या साकव आणि पायवाटांच्या शिफारस पत्रांच्या प्रती द्याव्यात. बस एवढंच. कायद्यात ३० दिवसांची मुदत आहे, त्या मुदतीत कळवलं, २ रुपये पानाप्रमाणे पैसे भरले आणि प्रती घेतल्या.

त्या प्रती रात्री घरी बसून वाचल्या आणि मला सगळं कळलं असं म्हणायला हरकत नाही. आमच्या निवेदनात काय होतं, तर आमचे हाल. पूर, आजारी माणसं, शाळेची मुलं. सगळं खरं. पण मंजूर झालेल्या प्रत्येक पत्रात एका ओळीत कामाचं नाव, गाव, वाडी, रस्त्याची नोंद, अंदाजे रक्कम, आणि कुठल्या निधीतून करायचं ते. आणि सोबत ग्रामसभेचा ठराव, जागेची संमती. म्हणजे ते पत्र लिहायला आमदारांच्या माणसाला काही विचार करावा लागलेला नव्हता, सही तेवढी करायची होती.

मी डोंबिवलीला नोकरी करते, सुट्टी टाकून गावी गेले आणि ग्रामसेवकांकडे पहिला प्रश्न विचारला, आमच्या वाडीचा रस्ता तेवीस नंबरला आहे का. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंद नमुना नंबर २३ मध्ये असते. तिथे रस्ता नसेल तर सरकारच्या लेखी तुमच्या वाडीला रस्ताच नाही आणि जिथे रस्ता नाही तिथे साकव कोण बांधणार! आमचा नव्हता. पिढ्यानपिढ्या माणसं चालतायत, पण कागदावर ती दोन घराण्यांची जमीन.

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त मनस्तापही इथेच झाला. कोकणातले सातबारे ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको. एका सातबाऱ्यावर आजोबांच्या काळातली नावं, त्यातली निम्मी माणसं वारलेली, वारस नोंदी नाहीत, हयात वारस कोण लालबागला, कोण विरारला, कोण बदलापूरला आणि आपसांत बोलणं बंद. संमती द्यायला कोणाचा नकार नव्हता खरं तर, पण पहिली सही आपण का करायची, त्याने आधी करू दे, असं. ही माणसं एकत्र येतात फक्त गणपतीला. म्हणून २०२३ च्या गणपतीत, १९ सप्टेंबरला गणपती बसले, मी आणि दादा दुसऱ्याच दिवसापासून कागद घेऊन घरोघर फिरलो. आरती झाली की बसायचं, प्रसाद घ्यायचा, विषय काढायचा. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे वेगळे अर्ज केले ते वेगळंच.

दुसऱ्या घराण्यातले आबा, वय ऐंशीच्या पुढे, ते म्हणाले, "साकव होऊ दे, माझा नाय म्हणणा नाय, पण बांधावरचो फणस तोडूचो नाय. माझ्या बापाशीन लावलेलो." मला ते ऐकून इतकं बरं वाटलं, कारण इतके दिवस सगळे गोल गोल बोलत होते, एकाने तरी नक्की काय हवं ते सांगितलं. आम्ही १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर संमतीत तसं स्पष्ट लिहिलं, की फणसाला धक्का न लावता काम करावं. आबांनी थरथरत्या हाताने सही केली आणि मग बाकीच्यांच्या सह्या दोन दिवसांत झाल्या. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव झाला, रस्ता तेवीस नंबरला घेतला. त्या ग्रामसभेला वाडीतल्या झाडून सगळ्या बायका आल्या होत्या, एरवी कोरमसाठी माणसं शोधावी लागतात.

मग शाखा अभियंत्यांना जागेवर आणलं. चांगला माणूस, टेप घेऊन स्वतः पऱ्यात उतरले, पुराची खूण कुठवर येते ते म्हाताऱ्यांना विचारलं, फणसापासून थोडं वरच्या अंगाला जागा धरली. अंदाजपत्रक बारा लाखांच्या आसपास गेलं.

एवढं होऊनसुद्धा आमदारांच्या कार्यालयातून उत्तर नाहीच. डिसेंबरमध्ये अधिवेशन नागपूरला, साहेब तिकडे. जानेवारीत उद्घाटनं. मग आम्ही दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे पत्र मंडळाच्या नावाने न देता वाडीतल्या मतदारांच्या नावाने तयार केलं, प्रत्येकाच्या सहीपुढे मतदार यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहिला. माझं मतदान डोंबिवलीला, मंडळातल्या बऱ्याच जणांचं मुंबईत, म्हणजे त्या आमदारांच्या हिशोबात आम्ही कुठेच नाही. पण यादीतला नंबर असलेली सही पीएसुद्धा बाजूला टाकताना विचार करतो. यात धमकी काही नव्हती, बहिष्कार वगैरे शब्द आम्ही मुद्दाम टाळले, फक्त आम्ही तुमचे मतदार आहोत एवढं दिसलं पाहिजे. दुसरं, शिफारस पत्राचा मजकूर आम्हीच मिळालेल्या प्रतींसारखा हुबेहूब एका पानात टाईप करून नेला, पेन ड्राईव्हवर पण घेतला.

फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी मुंबईत अधिवेशन होतं. बचत गटातल्या दोन काकी तुतारी एक्स्प्रेसने दादरला उतरल्या, मी स्टेशनवर गेले, तिथून सरळ आकाशवाणी आमदार निवास. सकाळी सभागृहात जायच्या आधी आमदार तिथे भेटतात हे एका ओळखीच्यांनी सांगितलेलं. गर्दी होतीच. आमचा नंबर आला तेव्हा साहेब उभेच होते, निघायच्या तयारीत. मी फाईल पुढे केली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला,

"तेवीस नंबरला आहे?"

"आहे साहेब, हा उतारा."

"जागेचं?"

"सगळ्यांची संमती आहे, ठराव पण आहे आणि अंदाजपत्रक मागे लावलंय."

त्यांनी पानं उलटली, खरंच वाचली, आणि पीएंना म्हणाले यांचं पत्र काढा. मग आम्हाला म्हणाले, "हे आधी का नाही आणलंत?" तेव्हा आमच्या काकी, ज्यांना खुर्चीत घालून नेलं होतं त्याच, म्हणाल्या, "साहेब, दोन-एक वर्षं कागद तुमच्याकडेच हाय. काय कमी हाय ता एकदा सांगितला असतात तर आम्ही तेवाच आणला असता." साहेब काही बोलले नाहीत. पत्र तासाभरात लेटरहेडवर सहीसकट हातात मिळालं.

काकी जे बोलल्या तेच माझं म्हणणं आहे आणि ते मी इथे स्पष्ट लिहिते. तेवीस नंबर, संमती, ठराव, अंदाजपत्रक, एवढे चार शब्द त्या कार्यालयातल्या कोणीही पहिल्याच दिवशी सांगू शकला असता, त्यांना ते पाठ आहेत. ते काम त्यांचं आहे. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांनी रात्रभर प्रवास करून मुंबईला यावं आणि तेव्हा कुठे उत्तर मिळावं, हे बरोबर नाही. काम झालं म्हणून मी ते विसरणार नाही.

पत्र मिळालं म्हणजे संपलं असं मात्र समजू नका. ते पत्र आम्ही कोणाच्या भरवशावर न सोडता स्वतः जिल्हा नियोजन कार्यालयात आणि जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात नेऊन दिलं, झेरॉक्सवर पोच घेतली, आवक क्रमांकासकट. आणि तो आवक क्रमांक पीएंना व्हॉट्सअप केला. पाच मिनिटांत त्यांचं उत्तर आलं, "ताई मी फोन लावतो." दीड वर्ष ज्या नंबरवरून उत्तर नव्हतं त्याच नंबरवरून! नंतर कळलं की नंबर असेल तर ते अधिकाऱ्याला विचारू शकतात फाईल कुठे आहे, नंबर नसेल तर त्यांच्या हातातही काही नसतं. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी मेसेजच्या सुरुवातीलाच आवक क्रमांक, तारीख आणि टेबल कुठलं ते लिहायचे आणि दर वेळी उत्तर यायचं.

१६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, जूनपर्यंत सगळं थांबलं. जुलैत फाईल एका टेबलावर बसून होती तेव्हा दप्तर दिरंगाईच्या कायद्याचा, म्हणजे २००५ च्या, नम्रपणे उल्लेख करून एक पत्र दिलं, त्या कायद्यात एका कर्मचाऱ्याकडे फाईल कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही असं आहे. फाईल पुढे गेली. प्रशासकीय मान्यता, मग टेंडर, आणि विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागायच्या आत कार्यारंभ आदेश निघाला. आचारसंहितेच्या तारखा डोक्यात ठेवूनच मागे लागा, एक आदेश राहिला की चार-पाच महिने हातचे जातात. काम निवडणूक झाल्यावर डिसेंबरात सुरू झालं आणि मे २०२५ मध्ये पूर्ण झालं. फणस आहे तिथेच आहे.

ज्यांच्या वाडीचं असंच अडलंय त्यांनी आधी ग्रामपंचायतीत जाऊन तेवीस नंबरचा उतारा बघा, आमदारांना नंतर भेटा. साकवापासून वाडीपर्यंतची पायवाट अजून मातीचीच आहे, तिच्या खडीकरणाचा ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत घेतला, आता अंदाजपत्रकासाठी शाखा अभियंत्यांची वेळ मागितली आहे.