वेण्णा लेक, होडीतून

रविवार, रात्री साडेदहा

पुण्याहून भाचा सहकुटुंब आला की महाबळेश्वर ठरलेलंच. आम्ही पाचगणीकर मे महिन्यात त्या रस्त्याला सहसा फिरकत नाही. वीसेक किलोमीटरला आज पावणेदोन तास लागले.

लग्न होऊन इथे आले त्याला एकोणतीस वर्षं झाली, पण वेण्णा लेकच्या होडीत आज पहिल्यांदा बसले. सासूबाईंना ते आवडायचं नाही. "प्यायच्या पाण्यात कसल्या होड्या हाकायच्या?" महाबळेश्वरचं आणि आमचंही पाणी इथूनच येतं, त्यामुळे तसं त्यांचं चुकत नव्हतं. तरी तळं निसर्गाचं नव्हेच. १८४२ मध्ये साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी ते बांधून घेतलं.

पाणी बरंच खाली गेलंय. काठाला तांबड्या चिखलाचा पट्टा उघडा पडलाय, बादलीत पाण्याची रेघ उरावी तसा. त्यावर घोड्यांची ये-जा, लीद, कणसांची सालपटं. आणि इथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो! जांभ्यातून मुरतो, उतारावरून पळतो, लिंगमळ्याच्या धबधब्यावरून पुढे कण्हेर धरणात. मुक्कामाला थांबतो तो एवढाच. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे याच धक्क्यावर दव गोठल्याचे फोटो पेपरात येतात; आज त्याच फळ्यांवर चप्पल काढून पाय ठेववत नव्हता.

होडीवाले मामा फारसं बोलत नव्हते. मध्यावर एक सालपट तरंगत आलं. त्यांनी वल्हं आडवं धरून ते अलगद उचललं, निथळू दिलं आणि पायाखाली सरकवलं. तिथे आधीची पाच-सहा होती. धक्क्यावर लाऊडस्पीकर चालू, आणि हा माणूस तळं झाडत होता.

नातीने विचारलं, "आत्याआजी, हे पाणी कुठे जातं?"

"सकाळी तू आंघोळ केलीस ना, तिथे."

ती जी गप्प झाली ती घरी येईपर्यंत. जेवताना पेला दिव्यासमोर धरून बराच वेळ बघत बसली. गाळून, क्लोरीन घालून येतं गं, असं मी सांगितलं. मग एक घोट घेतला, तोंडात घोळवला.

"घोड्याची चव नाही लागत," म्हणाली, आणि पेला पुढे केला. अजून हवं होतं.