आमची वाटचाल : भरलेल्या पाइपचा भार

माझे वडील दारूखान्यातील एका गोदामात फिटर होते. मोडीत काढलेल्या जहाजांचे पाइप, व्हॉल्व्ह आणि पंप रे रोडच्या त्या परिसरात किलोवर विकले जात आणि त्यांच्यासोबत पाइप धरून ठेवणारे यू-बोल्ट व पट्टीचे क्लॅम्पही ढिगाने येत. पाइपला लगेच गिऱ्हाईक मिळे. क्लॅम्प मात्र भंगारात जात. इंजिनखोलीत वर्षानुवर्षे हादरे आणि खारी हवा सोसूनही ज्याचे आटे शाबूत राहिले, तो क्लॅम्प घडवला तरी कसा असेल, या कुतूहलापोटी वडिलांनी त्यांतले काही घरी आणले, कानस मारून त्यांची जाडी आणि वाक तपासला आणि तसेच क्लॅम्प स्वतः करून पाहिले. पतपेढीच्या कर्जातून साकीनाक्याला भाड्याने घेतलेला गाळा, एक जुना पॉवर प्रेस आणि आटे पाडण्याचे एक यंत्र, एवढ्यावर आमचा कारखाना सुरू झाला.

सुरुवातीची वर्षे नागदेवी स्ट्रीटच्या दुकानदारांना माल पोहोचवण्यात गेली. तिथे आम्हाला पहिली अडचण आली ती मुलाम्याची, म्हणजे लोखंड गंजू नये म्हणून दिलेल्या जस्ताच्या थराची. क्लॅम्प छताला टांगण्याचा आट्यांचा रॉड विद्युत मुलाम्याचा असेल तर चांदीसारखा चमकतो, पण त्यावरील जस्ताचा थर बहुधा दहा मायक्रॉनच्या आतबाहेरच असतो. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला माल राखाडी व निस्तेज दिसतो, मात्र त्यावरचा थर कित्येक पटींनी जाड असतो आणि लोखंडाच्या आधी तोच झिजत राहतो. वरळी-वांद्र्याच्या समुद्राकाठच्या इमारतींत हा फरक काही पावसाळ्यांतच डोळ्यांना दिसतो. तरीही दुकानात ग्राहकाचा हात चमकणाऱ्या रॉडकडेच जाई. शिवाय बुडवून काढलेल्या रॉडच्या आट्यांत जस्त साचते आणि नेहमीचा नट त्यावर चढत नाही. त्यासाठी नटाचे आटे किंचित मोठे पाडावे लागतात. हे साधेपर्यंत आमचे बरेच नट वाया गेले.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी आमचा गाळा कमरेइतक्या पाण्यात होता. यंत्रे दुरुस्त झाली, पण गंजलेल्या डाय (प्रेसचे साचे) पुन्हा कराव्या लागल्या. त्याच सुमारास व्हीजेटीआयमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा पूर्ण करून मी कामाला लागले.

आमच्या धंद्याला खरे वळण मिळाले ते एका अपघाताने. मध्य मुंबईतील एका नव्या इमारतीच्या तळघरात दीडशे मिलिमीटर व्यासाची पाण्याची लाइन आमच्या हँगरवर, म्हणजे रॉड आणि क्लॅम्पच्या टांगणीवर, टांगलेली होती. चाचणीसाठी पाइप भरले आणि रात्री ती लाइन जवळजवळ पंधरा मीटर लांबीत खाली आली. सुदैवाने तिथे त्या वेळी कोणी नव्हते. सकाळी कंत्राटदाराचा फोन आला, तो म्हणाला की तुमचे क्लॅम्प फाटले. वडील आणि मी लगेच तिथे पोहोचलो. क्लॅम्प अखंड होते, रॉडही सरळ होते. रॉड स्लॅबला अडकवण्यासाठी भोकात ठोकलेले अँकर फास्टनर मात्र स्लॅबमधून जसेच्या तसे निसटून आले होते. वडिलांनी त्यांतला एक उचलून तळहातावर झटकला, तेव्हा पिठासारखी काँक्रीटची भुकटी पडली. भोके पाडल्यावर ती साफ न करताच अँकर ठोकले गेले होते. अँकरची बाही फुगून भोकाच्या भिंतीला घट्ट धरते आणि त्या घर्षणावरच सारा भार तोलला जातो. मधे भुकटी राहिली की ती पकड बसतच नाही.

त्या दिवशी मी तिथेच जमिनीवर बसून हिशेब मांडला. या मापाच्या मध्यम दर्जाच्या पाइपचे वजन मीटरला सुमारे १९ किलो आणि आतल्या पाण्याचेही जवळपास तितकेच, म्हणजे भरलेला पाइप मीटरला ३८ किलो. तीन मीटरवर एक हँगर धरला, तर प्रत्येकावर ११४ किलो येतात. एक अँकर सुटला की शेजारच्या दोघांवर त्याचा भार पडतो, त्यांतलाही एक सुटला की पुढच्यावर, आणि शिवण उसवावी तशी सगळी लाइन उसवत जाते. रिकाम्या पाइपवर कोणाला काहीच जाणवले नव्हते.

दोष आमचा नव्हता, हे कंत्राटदाराने नंतर मान्य केले. पण वडील मला म्हणाले, “पाइप खाली आला की लोक क्लॅम्पवरचा शिक्का बघतात, भोक कोणी बघत नाही.” त्यानंतर आम्ही नुसते क्लॅम्प विकणे बंद केले. मोठी ऑर्डर असेल तर आमचा माणूस आधी जागेवर जातो, स्लॅब पाहतो आणि काही अँकर अपेक्षित भाराच्या दीडपट ओढून तपासतो. यात आम्ही काही जुने ग्राहक गमावले, त्याचे वाईट वाटते, पण तो निर्णय मी आजही बदलणार नाही.

जागेवर जाऊ लागल्यावर कामाचा आवाकाही वाढला. लोअर परळच्या उंच इमारतींतील उभ्या पाइपांसाठी मजल्यांवर टेकणारे राइझर क्लॅम्प आम्ही करू लागलो. १२० मीटर उंचीच्या, दीडशे मिलिमीटर व्यासाच्या तशाच पाइपमध्ये नुसते लोखंडच सव्वादोन टनांहून जास्त असते. वातानुकूलनाच्या थंड पाण्याच्या लाइनने तर आम्हाला बरेच शिकवले. आत सात अंशांच्या आसपासचे पाणी असताना क्लॅम्प थेट पाइपला भिडला, तर मुंबईच्या दमट हवेत त्याला घाम फुटतो, थेंब फॉल्स सीलिंगवर पडतात आणि रॉड वरपर्यंत गंजतो. म्हणून पाइप आणि क्लॅम्प यांच्यामध्ये उष्णतारोधक ठोकळा आणि त्याखाली रुंद पत्र्याचे खोगीर आम्ही देतो. गरम पाण्याच्या लाइनला याउलट सरकायला मोकळीक हवी असते, कारण तीस मीटरचा लोखंडी पाइप चाळीस अंशांनी तापला की चौदा मिलिमीटरने वाढतो.

आज गाळ्यात आम्ही अकरा जण आहोत. वडील आठवड्यातून दोनदा येतात आणि पाठवणीसाठी ठेवलेल्या मालातून कोणताही एक रॉड उचलून त्यावर नट बोटांनी शेवटपर्यंत फिरवून पाहतात. तो अडला, तर ती पेटी त्या दिवशी जात नाही. या महिन्यापासून अँकरच्या प्रत्येक पेटीत भोक साफ करण्याचा तारेचा ब्रश, भुकटी उडवण्याचा छोटा हातपंप आणि मराठी व हिंदीतील सूचनांचा कागद आम्ही आमच्या खर्चाने घालू लागलो आहोत.