दोर्दोन्यचे किल्ले, नदीतून पाहिलेले : आतापर्यंतची नोंद

दोर्दोन्य नदीकाठच्या किल्ल्यांचा मधला पट्टा आता बराचसा झाला आहे. व्हित्राकपासून मिलांदपर्यंत नदी होडीतून उतरून झाली, दोम आणि बेनाकच्या बाजूच्या पायवाटा झाल्या, कास्तेलनो आतून-बाहेरून पाहून झाला. वेझेर या उपनदीचं खोरं बाकी आहे, त्याबद्दल शेवटी.

ज्यांना हा भाग नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. नैऋत्य फ्रान्समधला पेरिगोर प्रांत, त्यातला गर्द ओकच्या रानांचा कोपरा, आणि मुक्कामाचं गाव सार्ला. बोर्दोहून सार्लाला थेट लोकल गाडी आहे, स्वतःच्या मोटारीच्या कटकटीशिवाय येता येतं. दगड चुनखडीचा, मधाळ पिवळा. बसाल्टवर तयार झालेल्या पायांना तो सुरुवातीला फसवतो. कोरडा असेल तर पकड उत्तम, पण गावातल्या झिजलेल्या पायऱ्या पाऊस पडला की साबण लावल्यासारख्या होतात. उंचीचं म्हणाल तर बेनाकचा कडा नदीपासून 150 मीटर. हरिश्चंद्रगड केलेल्या माणसाला हे आकडे ऐकून हसू येईल, आणि मलाही आलं होतं. इथला दम उंचीत नाही.

तो कुठे आहे ते होडीत बसल्यावर कळलं. नदीवर होड्या भाड्यानं देणारे बरेच आहेत. प्लास्टिकची दोघांची होडी, जीवरक्षक जाकीट, सामानासाठी घट्ट झाकणाचा पिंप एवढं मिळतं, आणि खालच्या टोकाला उतरल्यावर त्यांची गाडी परत आणून सोडते. प्रवाह संथ, उन्हाळ्यात पाणी इतकं उथळ की मधेच वल्हं तळाच्या गोट्यांवर खरखरतं. पोहता येणाऱ्या नवशिक्यानं निर्धास्त जावं. व्हित्राकहून निघालं की आधी डाव्या अंगाला उंचावर दोम, मग उजवीकडे कड्याला चिकटलेलं ला रोक-गाजाक, पुढे मार्केसाकची बाग, डावीकडे कास्तेलनो, आणि वळण घेतलं की उजव्या काठावर बेनाक अंगावर येतो. हा क्रम लक्षात ठेवा, कारण गोष्ट याच क्रमात दडली आहे.

आपल्याकडे जीवधन, हडसर, चावंड हे किल्ले नुसते डोंगर म्हणून पाहिले तर अर्धेच कळतात. नाणेघाटातून वर येणाऱ्या वाटेच्या बाजूनं पाहिलं की ते तिथेच का आहेत हे उलगडतं. इथे घाटाच्या जागी नदी आहे. 483 किलोमीटरची ही नदी शतकानुशतकं मालवाहतुकीचा रस्ता होती. वरच्या डोंगराळ भागातून गाबार नावाच्या सपाट तळाच्या नावा पिंपांसाठी लागणारं लाकूड घेऊन खाली बर्जराक, लिबूर्नपर्यंत जात, आणि खालून मीठ वर येई. रेल्वे आल्यावर हे सगळं संपलं. आज ला रोक-गाजाकला त्याच घाटणीच्या नावांतून पर्यटक फिरतात. शिवाय शंभर वर्षांच्या युद्धात (1337 ते 1453) ही नदी बराच काळ दोन राजांमधली सीमा होती. उत्तर काठावरचा बेनाक फ्रेंच बाजूचा, दक्षिण काठावरचा कास्तेलनो बहुतेक काळ इंग्रजांचा. होडी मधोमध आणून थांबवली की दोन्ही एकाच वेळी दिसतात. पार्किंगमधून चढून गेलेल्याला ही समोरासमोरची खुन्नस कळणं कठीण.

कास्तेलनोचे मालक कोमों घराणं. या युद्धात ते इंग्रजांच्या बाजूला गेले. पुढे किल्ल्यानं हात बदलले ते अनेकदा, आणि 1442 मध्ये फ्रेंच राजाच्या फौजेनं वेढा घालून तो कायमचा घेतला. आपल्या वतनदारांची चाल ज्यांनी वाचली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. दोन राजे लांब, शेजारचा वैरी जवळ. त्याआधी 1214 मध्ये सिमों द मोंफोर या फ्रेंच सरदारानं कॅथार या पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती पंथाविरुद्धच्या मोहिमेत हे दोन्ही किल्ले एकाच वर्षात घेतले होते.

कास्तेलनोत मध्ययुगीन युद्धाचं संग्रहालय आहे, 1985 पासून. इथे वेळ राखून जा. आवारात गोफणयंत्रांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती उभ्या आहेत, आणि हंगामात त्यांचं प्रात्यक्षिकही होतं. तत्त्व साधं आहे. लांब दांडक्याच्या आखूड टोकाला काही टनांचं वजन, लांब टोकाला गोफण. वजन सुटलं की दांडकं उसळतं, आणि गोफण शेवटच्या क्षणी मोकळी होऊन धोंडा फेकते. बरोबर कोणत्या कोनात गोफण सुटावी हे टोकाच्या लोखंडी हुकाच्या वाकावर ठरतं. हे पाहिल्यावर इथल्या उंच, पातळ भिंती कळतात, आणि नंतरचा जाड तोफबुरूजही कळतो. एकाच किल्ल्यात धोंड्यांचं युग आणि तोफांचं युग शेजारी शेजारी. आपल्याकडे चढाईच एवढी अवघड की असली यंत्रं वर नेणार कोण? इथे मागची टेकडी किल्ल्याला जवळ, म्हणून मार तिकडून येणार आणि सगळी भक्कम बांधणीही त्याच अंगाला.

बेनाकबद्दल फार लिहीत नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. बाराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या सिंहहृदयी रिचर्ड राजानं तो आपल्या मेर्काद्ये नावाच्या भाडोत्री सरदाराला दिला होता. गावातून किल्ल्याकडे जाणारी दगडी गल्ली चांगलीच खडी आहे, उन्हात नको. आणखी एक, बेनाकच्या आसपास नदीत मला काँक्रीटचे खांब दिसले. हा गावाला वळसा घालणाऱ्या रस्त्याचा प्रकल्प. 2018 च्या अखेरीस फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं काम थांबवलं, आणि 2019 मध्ये बोर्दोच्या न्यायालयानं झालेलं बांधकाम पाडायचा आदेश दिला. किल्ल्यांच्या मधून रस्ता नको हे पटतं, पण बेनाकच्या अरुंद रस्त्यावर ऑगस्टमध्ये अडकलेल्या गाड्या पाहिल्या की दुसरी बाजूही कळते.

आता दोम, या पट्ट्यातलं माझं सर्वांत आवडतं ठिकाण. 1281 मध्ये तिसऱ्या फिलिप राजानं वसवलेलं आखीव तटबंदीचं गाव. एका बाजूला तट, दुसऱ्या बाजूला सरळ कडा, त्यामुळे त्या बाजूला तट बांधायची गरजच वाटली नाही. वाचतानाच तुमच्या लक्षात आलं असेल पुढे काय झालं असणार. 1588 मध्ये, कॅथलिक-प्रोटेस्टंट धर्मयुद्धांच्या काळात, जोफ्रुआ द व्हिवां हा प्रोटेस्टंट सरदार तीसेक माणसं घेऊन रात्री त्याच कड्यावरून चढला. वर आल्यावर त्यांनी मुद्दाम प्रचंड गोंगाट केला, लोक झोपेतून उठून गोंधळले, आणि त्या गोंधळात दरवाजे उघडून बाहेरची फौज आत घेतली. कोंडाजी फर्जंदानं 1673 मध्ये साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला, कर्णे फुंकून आतल्यांची दाणादाण उडवली, त्याच्याशी हे इतकं जुळतं की मी कड्याच्या कठड्यापाशी उभा राहून बराच वेळ चढायची घळ शोधत बसलो. व्हिवांनं गाव चार वर्षं ताब्यात ठेवलं.

दोमच्याच ‘बुरुजांचा दरवाजा’ नावाच्या वेशीत आतल्या भिंतींवर कोरलेली चिन्हं आहेत. 1307 नंतर इथे कैदेत असलेल्या टेंप्लर या ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या योद्ध्यांनी ती कोरली असं सांगतात. आत जायला मार्गदर्शकासोबतच सोडतात.

चालणाऱ्यांसाठी. लांब पल्ल्याच्या वाटांवर पांढऱ्या-लाल पट्ट्या, गावाभोवतीच्या छोट्या वाटांवर पिवळी पट्टी. फुली दिसली तर वाट ती नव्हे, मागे फिरा. सरकारी नकाशा संस्थेचा 1:25,000 चा नकाशा जवळ ठेवा, ओकच्या रानात मोबाइलची रेंज जाते. गवतातून चाललात तर संध्याकाळी पायांवर गोचीड तपासा, हे हसण्यावारी नेऊ नका. सायकलवाल्यांनी सार्लाहून निघणारा जुन्या रेल्वेमार्गावरचा रस्ता पाहावा, चढ जवळपास नाहीच.

शाकाहारींनी एक लक्षात ठेवावं. सार्लाचे प्रसिद्ध लसूणवाले बटाटे बदकाच्या चरबीत परततात. बुधवार-शनिवारच्या बाजारातून अक्रोड, बकरीचं छोटं चीज आणि पाव घ्या, जेवण झालं.

बाकी राहिलेलं : मिलांद फक्त काठावरून पाहिला. नर्तकी-गायिका जोसेफिन बेकर यांनी 1947 मध्ये विकत घेतलेला वाडा, त्यांच्या दत्तक घेतलेल्या बारा मुलांचं घर, तो आतून नीट पाहायचा आहे. मग वेझेर. आदिमानवाच्या चित्रांची लास्को गुहा 1940 मध्ये सापडली आणि लोकांच्या श्वासामुळे चित्रं खराब होऊ लागल्यानं 1963 मध्ये बंद झाली. अजिंठ्याची काळजी करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आता मोंतिन्याकला तिची 2016 ची प्रतिकृती पाहता येते. खरी रंगीत चित्रं पाहायची तर फों-द-गोमची गुहा, पण तिथे दिवसाला मोजक्याच लोकांना सोडतात. त्यामुळे पुढची खेप तिकीट हातात आल्यावरच ठरवणार, आणि ती ऑगस्टमध्ये नसेल. सप्टेंबरच्या मध्यानंतर वेझेरवर होडी भाड्यानं मिळते का, आणि ला रोक सें-क्रिस्तोफच्या कड्याखालून उतरायला पाणी पुरेसं असतं का, हे आधी विचारून घेईन.