जांघेतली १२ मिलिमीटरची गाठ

माझे एक रुग्ण मार्केट यार्डात कांद्याची पोती वाहतात. टाचेवरचा काळा डाग दोन वर्षं कुरूप समजून ब्लेडने तासत राहिले. आपल्याकडे मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा एक घातक कॅन्सर, बरेचदा तळपायाला नाहीतर नखाखाली होतो, आणि तळपाय कोण बघतं? आम्ही डॉक्टरसुद्धा क्वचितच बघतो, याची मला खंत आहे.

मागच्या वर्षी डाग काढला. तेव्हाच निळा रंग आणि किरणोत्सारी द्रव्य टोचून जांघेतली सेंटिनेल गाठ शोधली. टाचेकडून येणारी लसिका, म्हणजे शरीरातला पाण्यासारखा द्रव, जिथे सगळ्यात आधी पोचते ती ही गाठ, म्हणजे लसिकाग्रंथी; अशा गाठी सगळ्यांनाच असतात. तिच्यात कॅन्सरच्या थोड्या पेशी निघाल्या. पूर्वी अशा वेळी जांघेतल्या उरलेल्या सगळ्या गाठी काढायचा नियमच होता. मी काढल्या नाहीत. दर चार महिन्यांनी सोनोग्राफी करायची असं ठरवलं.

तिसऱ्या सोनोग्राफीत १२ मिलिमीटरची गाठ दिसली. सुईने तपासली. मेलॅनोमाच.

सोमवारी ते मुलीला घेऊन आले. "अवधाण आलंय वाटलं, मॅडम," ते म्हणाले. पायाला जखम झाली की जांघेत गाठ सुजते, ते अवधाण. मी खरं सांगितलं. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तेव्हाच सगळ्या काढल्या असत्या तर?"

हा प्रश्न रविवारी रात्रभर माझ्याही डोक्यात होता.

तिच्याच वहीत लिहून दाखवलं. २०१७ साली एमएसएलटी-२ या मेलॅनोमावरच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, याच प्रश्नावरचे. १,९०० हून जास्त रुग्ण. निम्म्यांच्या सगळ्या गाठी काढल्या, निम्म्यांवर फक्त सोनोग्राफीने लक्ष ठेवलं. तीन वर्षांनी, गाठी काढलेल्यांपैकी ९२ टक्के लोकांच्या त्या भागातल्या गाठींत आजार नव्हता. लक्ष ठेवलेल्यांत ७७ टक्के. म्हणजे आजार जांघेत परतायची शक्यता आमच्या निर्णयाने वाढली होती, हे मी लपवलं नाही. पण मेलॅनोमाने मरण न आलेले दोन्हीकडे ८६ टक्केच. आयुष्य वाढलं नव्हतं. उलट सगळ्या गाठी काढलेल्यांत २४ टक्के लोकांना लसिका साचून हातापायाला सूज आली, दुसऱ्या गटात ६ टक्के. हे रुग्ण बहुतेक पाश्चात्त्य देशांतले होते, तेही सांगितलं.

"म्हणजे वर्षभर बाबांचा पाय चांगला राहिला," ती हळूच म्हणाली.

तो राहिला होता. ते रोज पोती उचलत होते.

आता मात्र गाठी काढाव्याच लागणार. स्कॅनमध्ये आजार बाकी कुठे दिसला नव्हता. नंतर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणारं औषध; तिच्या खर्चाचं बोलणं सोशल वर्करसोबत वेगळं ठेवलं, एका दिवसात माणसाने किती ऐकायचं.

त्यांनी एवढंच विचारलं, "सुजला तर कळंल कसं?"

मी टेप काढली. घोटा, पोटरी, गुडघ्याच्या वर, दोन्ही पाय मोजले. आकडे मी मोठ्याने सांगत होते, मुलगी त्याच पानाच्या मागे तारीख घालून लिहून घेत होती.